एकटीच? हो, एकटीच!

‘एकटीच खंय चललंस गो?’ आपल्या भागात बाईनं गाडी बाहेर काढली, की शेजारच्या खळ्यातून हा प्रश्न येतोच. विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं, असलीच तर काळजी असते. पण त्याच गाडीवर तिचा नवरा बसला, की प्रश्न बदलतो. मग ‘कधी येतलस?’ किंवा फार तर ‘येताना बाजारातसून बांगडे हाड!’ पुरुषाला येण्याची वेळ विचारायची आणि बाईला जाण्याचं कारण, ही आपल्याकडची जुनी रीत. बाईच्या लांबच्या प्रवासाबद्दल लिहायचं तर मला वाटतं, या रीतीपासूनच सुरुवात करायला हवी.

मार्च 2023 मध्ये पुण्याकडची रमिला लटपटे ही तरुणी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मोटारसायकलवरून जगप्रवासाला निघाली. एकटी, आणि अंगावर आपली नऊवारी! पेपरातून तिचे फोटो आले, सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं. तिच्या काष्ट्याचं झालं, धाडसाचं झालं, मोटारसायकलचंही झालं. मला मात्र कुतूहल वाटलं ते फोटोच्या आधीच्या दिवसांचं. व्हिसा, पैसे, गाडीचे कागद, घरच्यांची समजूत, नातेवाइकांचे टोमणे, स्वतःच्या मनातली धाकधूक. फोटोत दिसतो तो प्रवासाचा पहिला दिवस. बाईसाठी पहिला दिवस त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, नाही का?

योगायोग बघा. त्याच महिन्यात, 17 मार्च 2023 पासून, राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांमध्ये महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत लागू झाली. एकीकडे एक मुलगी जग फिरायला निघालेली आणि दुसरीकडे आपल्या कितीतरी बायका अर्ध्या तिकिटावर सावंतवाडी, कुडाळ, फार तर कोल्हापूर गाठायला लागलेल्या. या दोन गोष्टींची तुलना कशी होणार, असं कुणी म्हणेल. पण आमच्या बचत गटातल्या एका पन्नाशीच्या बाईनं त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं एसटीनं कोल्हापूर केलं. अंबाबाईचं दर्शन घेतलं, रंकाळ्यावर बसून भेळ खाल्ली आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत आली. ती सांगत होती, ‘देवीक गेलंय ह्या खरा. पण माका नुसता बसान ऱ्हवाचा होता, कोणाक जेवक वाढल्याशिवाय.’ तिच्या दृष्टीनं तो जगप्रवासच होता!

आता आपल्याच घरातला एक साधा हिशेब मांडू. घरचा पुरुष मित्रांबरोबर चार दिवस मोटारसायकलवर निघाला, तर तयारी काय? पेट्रोल टाकी फुल्ल, चाकात हवा, बॅगेत दोन शर्ट. झालं. तेच चार दिवस बाईला जायचं असेल तर? चार दिवसांचं वाटप वाटून फ्रीजमध्ये ठेवायचं. सोलकढीचं आगळ कुठल्या बाटलीत आहे ते सांगायचं. सासूबाईंच्या गोळ्या सकाळच्या-रात्रीच्या वेगळ्या करायच्या. गॅसचा नंबर लावायचा. मुलांच्या डब्याची सोय जावेकडे लावायची आणि त्याबद्दल जावेचे उपकार महिनाभर मानायचे. एवढं करून निघताना चेहऱ्यावर थोडा अपराधी भाव ठेवायचा, नाहीतर लोक म्हणतील, ‘किती ती हौस!’ म्हणजे गाडीला किक मारण्याआधीच ती शंभर किलोमीटरची दमलेली असते.

हे काही आजचं नाही. 1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना अठरावं वर्ष नुकतंच पूर्ण झालं होतं. नवऱ्याशिवाय जाणार म्हणून गहजब झाला. त्या वेळी गोपाळराव पोस्टाच्या नोकरीनिमित्त बंगालमधल्या श्रीरामपूरला होते. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात 24 फेब्रुवारी 1883 रोजी आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं आणि लोकांच्या एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. अमेरिकेलाच का, इथं का शिकत नाही, आणि अर्थातच, एकटी का? त्यानंतर 7 एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. बरोबर ओळखीच्या परदेशी बायका होत्या, पण घरचं कुणी नव्हतं. विचार करा, प्रवासाला निघण्याआधी भरसभेत खुलासा द्यायची वेळ कुणा पुरुषावर आली असती का? आज सभा भरत नाही एवढंच. ती आता घरोघरच्या ओटीवर भरते.

यंत्रांनी मात्र आपल्याला बरीच साथ दिली. 1972 मध्ये लुना आली आणि शिक्षिका, नर्सबाई, टायपिस्ट मुली तिच्यावर दिसू लागल्या. पुढे बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली, 2001 मध्ये अॅक्टिवा आली. साडी नेसून चालवता येते, पुढे पाय ठेवायच्या जागेत तांदळाची पिशवी मावते, म्हणून घराघरांत स्कूटर शिरली. आज आमच्या शिरोड्याच्या बाजारात बघाल तर दर दोन गाड्यांमागे एक बाईच्या हातात असेल. पण ही गाडी जाते कुठे? बाजार, शाळा, बँक, दवाखाना, डेअरी. सगळी कामं घरची! कारणाशिवाय ती गाडी दहा किलोमीटर पुढे जात नाही. वाहन हातात आलं, रस्ता मात्र अजून हातात यायचा आहे.

म्हणून मला या एकट्या फिरणाऱ्या मुली महत्त्वाच्या वाटतात. जगात हे नवं नाही. फ्रान्सची अॅन-फ्रान्स दोतवील 1973 मध्ये मोटारसायकलवरून एकटी पृथ्वीप्रदक्षिणेला गेली. इंग्लंडची एल्स्पेथ बिअर्ड 1982 मध्ये तेविसाव्या वर्षी निघाली आणि दोन वर्षांनी, सुमारे 56,000 किलोमीटर कापून घरी परतली. त्या वाटेत आपला भारतही होता. आपल्याकडे 2011 मध्ये पुण्यात ‘बायकर्नी’ हा मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट सुरू झाला. आपल्या शेजारच्या हुबळीची कँडिडा लुईस 2018 मध्ये बंगळुरूहून थेट सिडनीच्या प्रवासाला निघाली. यातली एकही आकाशातून पडलेली नाही. प्रत्येकीचा एक पहिला दिवस होता, आणि त्या दिवशी तिलाही ओळखीची शेवटची खूण मागे पडल्यावर पोटात खड्डा पडलाच असणार.

मात्र कौतुकाच्या भरात धोक्याकडे कानाडोळा करायचा नाही. जयपूरची वीनू पालिवाल ही अनुभवी मोटारसायकलस्वार एप्रिल 2016 मध्ये देशाच्या दौऱ्यावर असताना मध्य प्रदेशात अपघातात गेली. रस्ता बाई-पुरुष बघत नाही. आपल्याकडचा तर मुळीच नाही. रेडीच्या बाजूला खनिजाचे डंपर, पावसाळ्यात रस्त्यावर आलेली लाल माती, वळणावर बसलेली गुरं, रात्री गाडीमागे लागणारे कुत्रे. म्हणून हौसेला शिस्तीची जोड हवी.

त्यातली पहिली शिस्त कागदाची. आपल्यापैकी बऱ्याच जणींकडे लायसन असलंच तर ते गिअर नसलेल्या दुचाकीचं असतं. त्यावर गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही, त्यासाठी तसं वेगळं लायसन लागतं. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. गाडीचा विमा आणि पीयूसी चालू हवी. हेल्मेट चांगल्या प्रतीचं हवं आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा. अंबाडा मावत नाही म्हणून हेल्मेट आरशाला अडकवणाऱ्या बघितल्या, की मला धडकी भरते. अंबाडा काय, संध्याकाळी परत घालता येतो! खाऱ्या वाऱ्यानं गाडीची चेन लवकर गंजते, ती साफ करून तेल घालायला शिकायला हवं. पंक्चर आणि क्लच वायर एवढं तरी गावच्या मेकॅनिकसमोर बसून समजून घ्यावं. संकटात 112 हा नंबर आहे, आणि आपण कुठे आहोत ते घरातल्या एकाला कळत राहील अशी सोय मोबाईलमध्ये आहे. हे घाबरटपणाचं लक्षण नाही, शहाणपणाचं आहे.

आणि पहिल्या दिवशी फार लांब जायची घाई नको. आमच्या आरोंद्याहून निघालं तर शिरोडा, वेंगुर्ले, परुळे, मग कर्लीवरचा नेरूरपारचा पूल, मालवण, आचरा, देवगड. एका दिवसाला एवढं पुरे झालं. सकाळी उजाडता निघावं आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठावा. किनाऱ्यानं जाणारा रेवस-रेडी सागरी मार्ग बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळापासून आपण ऐकत आलो, त्याचं एक टोक आपल्या शेजारच्या रेडीला आहे. मुंबईचे, पुण्याचे लोक मुद्दाम रजा काढून या रस्त्यावर मोटारसायकली घेऊन येतात. दाभोळच्या खाडीत जंगलजेटीवर गाडी चढवून फोटो काढतात. आणि या रस्त्याच्या तोंडाशी जन्म घालवलेल्या आपण? आपल्यातल्या कितीजणींनी लग्नकार्य किंवा देवदर्शन सोडून विजयदुर्ग पाहिलाय?

‘पण कशाला?’ हा प्रश्न राहतोच. घरची माणसं रागानं विचारत नाहीत, त्यांना खरंच कळत नाही. बाईनं बाहेर पडायचं तर माहेरचं कार्य हवं, आजारपण हवं, नवस हवा, बँकेचं काम हवं. नुसतं जावंसं वाटलं, हे कारण आपल्या घरांत चालत नाही. पण दिवसभर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या माणसाला एक दिवस आपल्या वेळेनं थांबायला, आपल्या मनानं वळायला मिळालं, की काय होतं हे मी पाहिलंय. गटातल्या ज्या बायका गाडी शिकल्या, त्या सभेत बोलायला लागल्या. बँकेच्या साहेबाला उलट प्रश्न विचारायला लागल्या. घाटात समोरून एसटी आल्यावर काय करायचं हे जिनं स्वतः ठरवलंय, तिला घरातला निर्णय घेताना फार वेळ चाचपडावं लागत नाही. कारणच हवं असेल तर हे कारण मला पुरेसं वाटतं.

तेव्हा मैत्रिणींनो, जगप्रवासाचं राहू दे. या वर्षी तीन गोष्टी करूया. ज्यांच्याकडे नाही त्यांनी लायसन काढायचं. घरात नवी दुचाकी येणार असेल आणि ती चालवणार आपण असू, तर ती आपल्या नावावर घ्यायचा आग्रह धरायचा. आणि वर्षातला एक दिवस तरी, उजेडात, हेल्मेट घालून, काही काम नसताना, एकटीनं जाऊन यायचं. गाडी येत नसेल तर एसटी आहेच. सासूबाईंनो, त्या दिवशीचं वाटप तुम्ही किंवा तुमच्या मुलानं वाटलं, तर आमटीची चव बिघडणार नाही. बिघडली तरी एक दिवसच.

शेवटची गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून करण्यासारखी आहे. एकट्या बाईच्या प्रवासातला सगळ्यात अवघड क्षण पहिल्या संध्याकाळी येतो. दिवसभर पाणी कमी पिऊन ती आलेली असते, कारण वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. आणि लॉजच्या काउंटरवर तिला आपादमस्तक न्याहाळून विचारलं जातं, ‘सोबत कोण नाही?’ कुठे खोलीच नाकारली जाते. राज्य सरकारनं 2023 मध्ये ‘आई’ हे महिला केंद्रित पर्यटन धोरण आणलं, त्यात पर्यटनाच्या व्यवसायासाठी महिलांना पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाच्या परताव्याची तरतूद ठेवली. किनाऱ्यावर आपल्या बायका घरगुती खानावळी आणि न्याहारी-निवास चालवतातच. मग प्रत्येक गावात एक खोली अशी का नसावी, जिथे एकट्या बाईला कुणी काही विचारणार नाही? आतून लागणारी भक्कम कडी, स्वच्छ संडास-न्हाणीघर, गरम पाणी आणि गाडी लावायला अंगणात उजेडातली जागा, एवढंच लागतं. आमच्या गटानं येत्या दिवाळीपर्यंत अशी एक खोली तयार करायचं ठरवलंय. शिरोडा, वेंगुर्ले, मालवण, देवगडच्या गटांनीही हे मनावर घेतलं, तर हळूहळू अख्ख्या किनाऱ्यावर अशा खोल्यांची साखळी उभी राहील. मग उद्या आपल्यातली कुणी आरोंद्याहून एकटी निघाली, तर रात्री कुठे उतरायचं याची चिंता तिला राहणार नाही, आणि घरच्यांनाही नाही.