घरचा सल्ला : पंप घेण्याआधी

बंधूंनो, लिंग वाढवणाऱ्या पंपाच्या जाहिरातीला भुलून कापसाचे पैसे घालवू नका. विहिरीवरचा पंप पाणी ओढतो, तसा हा नळीतली हवा ओढतो. रक्त भरून लिंग फुगते, पण ते तात्पुरते. कायमची वाढ होत नाही.

ताठरता येत नसेल, तर मात्र हे साधन उपयोगी पडते. जादा दाब रोखणारा व्हॉल्व्ह असलेलाच पंप घ्या. हवा सावकाश ओढा, दुखले की थांबा. बुडाशी लावलेली कडी 30 मिनिटांच्या आत काढा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा सिकलसेलचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

ताठरता कमी होण्यामागे पुष्कळदा मधुमेह किंवा रक्तदाब असतो. म्हणून आधी तपासणी करा. लाजेपायी दुखणे अंगावर काढू नका.