दरबारी विदूषक आणि रानातले मेण

सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेडिची दरबारात ब्राच्चो दि बार्तोलो नावाचा ठेंगू विदूषक होता. दरबाराने त्याला ‘मोर्गान्ते’ हे काव्यातल्या राक्षसाचे नाव चिकटविले. जांबोलोन्या या शिल्पकाराने त्याची मूर्ती ब्राँझमध्ये ओतली. मूर्तीवर मालकी सरदारांची, कीर्ती शिल्पकाराची. ज्याचा देह त्याच्या वाट्याला मात्र थट्टेचे नाव!

चांद्याच्या गोंड राजांच्या पदरीही गाणारे होते. किंगरीच्या सुरावर परधान राजवंशाच्या कथा गात. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला आणि राजाश्रय आटला. तरीही गाणे मेले नाही. कारण परधान केवळ राजाचा आश्रित नव्हता. सामान्य गोंड कुटुंबेही त्याची यजमान होती. दरबाराने जे राखले नाही, ते झोपडीने राखले.

याच अरण्याच्या सीमेपलीकडे बस्तरचे घडवा आणि आदिलाबादचे वोज कारागीर ढोलवाल्यांच्या, तुतारीवाल्यांच्या छोट्या मूर्ती ओततात. मातीच्या गाभ्यावर मेणाची दोरी गुंडाळायची, वर माती लिंपायची, आच देऊन मेण वितळवायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. शेवटी साचा फोडावाच लागतो. म्हणून एका मूर्तीसारखी दुसरी नसते. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी याच तत्त्वाने ओतलेली आहे. २०१८ साली आदिलाबादच्या या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव प्रदेशाला मिळाले. पण दिवाणखान्यातल्या मूर्तीवर घडविणाऱ्याचे नाव कितीदा असते? पितळेच्या ढोलवाल्याचे कौतुक करणारा पाहुणा हाडामांसाच्या ढोलवाल्याची चौकशी कितीदा करतो?

कारागिराला प्रदर्शनातली शाल पुरत नाही. त्याला मेण हवे, सरपण हवे, माती हवी. म्हणजेच रान हवे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण यांची गणना गौण वनोपजात स्पष्टपणे केली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून मार्ग दाखविला. ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपानांबरोबर मेणाचाही हिशोब मांडावा आणि ते दलालाला न देता थेट ओतणाऱ्याच्या हाती द्यावे. यासाठी कार्यकर्त्यांनी कागद हाती घेऊन गावोगावी बसले पाहिजे.

कलावंताला काचेच्या कपाटात उभे करणे सोपे असते. त्याला त्याच्या रानात, त्याच्या नावाने उभे राहू देणे, ही खरी कसोटी आहे.