न दिसणाऱ्या पेशी आणि दोन दिवसांचा ताप

हाडे ठिसूळ झालेल्या अनेक वृद्धांना डॉक्टर वर्षातून एकदा शिरेवाटे एक औषध देतात. त्याचे नाव झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. ते घेतल्यावर एक-दोन दिवसांत काहींना ताप भरतो, अंग मोडून येते, सांधे ठणकतात. घरची मंडळी घाबरतात. ‘हे औषध अंगाला मानवले नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढील वर्षी ते इंजेक्शन टाळले जाते. मग एखाद्या रात्री न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. या तापाचे मूळ ज्यांना ठाऊक असेल, त्यांच्याकडून असा निर्णय सहसा घेतला जाणार नाही. म्हणून आजच्या लेखात त्या तापामागील पेशींची ओळख करून घेऊ. त्या ओळखीला प्रयोगशाळेतील उंदरापासून आरंभ करावा लागतो.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये ‘टी पेशी’ नावाचा एक वर्ग आहे. शरीरात शिरलेले जंतू आणि बिघडलेल्या पेशी ओळखणे हे त्यांचे काम. ओळखण्यासाठी प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही असतो. बहुतेक टी पेशींचा ग्राही अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांचा बनलेला असतो. १९८४ मध्ये सुसुमु टोनेगावा यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत उंदराच्या टी पेशींचा अभ्यास चालू असताना एक अनपेक्षित जनुक हाती लागले. ते अल्फाचे नव्हते, बीटाचेही नव्हते. त्याला गॅमा म्हटले गेले. पुढे त्याची जोडीदार साखळी डेल्टा सापडली आणि गॅमा-डेल्टा टी पेशी हा निराळा वर्ग आहे हे निश्चित झाले. निरोगी माणसाच्या रक्तातील टी पेशींमध्ये यांचा वाटा साधारणतः शेकडा एक ते पाच, काहींमध्ये त्याहून अधिक असतो.

इतक्या थोड्या पेशी गर्दीतून वेगळ्या काढायच्या कशा? सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या टी पेशी सारख्याच दिसतात. येथे प्रतिपिंडे, म्हणजे आपण ज्यांना अँटिबॉडी म्हणतो ती, कामास आली. प्रतिपिंड एका ठरावीक आकारालाच चिकटते, इतरांना नाही. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनविण्याची रीत शोधली. या कामाबद्दल त्यांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र उंदराच्या ग्राहीविरुद्धचे प्रतिपिंड उंदराच्याच शरीरात बनविणे कठीण असते, कारण स्वतःच्या प्रथिनाला शरीर परके मानत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी हॅमस्टर हा उंदराचा दूरचा भाऊबंद निवडला. त्याच्यापासून मिळालेली ‘जीएल ३’ आणि ‘यूसी ७’ ही प्रतिपिंडे उंदराच्या गॅमा-डेल्टा पेशी ओळखण्यासाठी आजही जगभर वापरली जातात. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडतात, पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून सोडतात आणि जी चमकेल ती गॅमा-डेल्टा, अशी मोजणी यंत्र करते.

या प्रतिपिंडांचा आणखी एक उपयोग रूढ झाला होता. ते उंदराला टोचायचे, त्याच्या गॅमा-डेल्टा पेशी नाहीशा करायच्या आणि त्यांच्यावाचून आजार कसा चालतो ते पाहायचे. टोचल्यानंतर मोजणी केली की यंत्रात त्या पेशी दिसत नसत. त्यावरून त्या मेल्या असे मानले जाई. २००९ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या शास्त्रज्ञांनी हे गृहीतक तपासले. त्यांच्यापाशी असे उंदीर होते की ज्यांच्या गॅमा-डेल्टा पेशी कोणताही रंग न लावता आतूनच हिरव्या चमकतात. त्यांना तेच प्रतिपिंड टोचल्यावर दिसले की पेशी जिवंत आहेत आणि जागच्या जागी आहेत. त्यांनी केवळ आपला ग्राही आत ओढून घेतला होता.

आपल्या पाच कंदील भागातील दुकानांची गणती कोणी केवळ बाहेरच्या पाट्या पाहून केली आणि दुकानदारांनी त्या दिवशी पाट्या आत घेतल्या, तर कागदावर दुकानांची संख्या शून्य येईल. आत व्यवहार मात्र चालूच असेल. तसेच येथे घडले. ‘पेशी नसताना असे होते’ असे ज्या प्रयोगांत म्हटले गेले, त्यांतील काहींचा अर्थ ‘पेशी असताना, पण त्यांचा ग्राही लपलेला असताना असे होते’ असा नव्याने लावण्याची वेळ आली. चाचणीत एखादी गोष्ट दिसली नाही, एवढ्यावरून ती शरीरात नाही असे ठरत नाही. घरात आलेला रक्ताचा अहवाल हातात घेतानाही हे ध्यानी असावे; अहवाल आणि रुग्णाची लक्षणे जुळत नसतील तर डॉक्टरांना पुन्हा विचारण्यात संकोच नको.

दुसरी सावधगिरी उंदीर आणि माणूस यांतील अंतराची आहे. उंदराच्या त्वचेत गॅमा-डेल्टा पेशींची दाट जाळी असते. ज्या उंदरांत त्या नाहीत त्यांच्या जखमा उशिरा भरतात, असे २००२ मध्ये दिसून आले. पण माणसाच्या त्वचेत तशी जाळी नाही. उलट माणसाच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशींचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, तो उंदरात नाहीच. म्हणून उंदरावरील प्रयोगाने प्रश्न नेमका विचारता येतो. त्याचे उत्तर माणसाच्या पेशींवर पुन्हा तपासावे लागते.

असे तपासण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. शुभदा चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या गॅमा-डेल्टा पेशींचा दीर्घकाळ अभ्यास केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना आधी झोलेड्रोनेट, म्हणजे आपले हाडांचे औषधच, दिले असता गॅमा-डेल्टा पेशी त्यांना अधिक सहज मारतात असे आढळले. २०१६ मध्ये याच गटाने पित्ताशयाच्या कर्करोगात निराळे चित्र मांडले. तेथे या पेशींचा एक प्रकार अर्बुदाला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतो आणि ज्यांच्यात तो आढळतो ते रुग्ण कमी जगतात. एकच पेशी एके ठिकाणी रक्षक आणि दुसऱ्या ठिकाणी घरभेदी. तेव्हा ‘प्रतिकारशक्तीच्या पेशी वाढवून कर्करोग बरा करतो’ अशी जाहिरात पाहून शेत गहाण ठेवण्याचा विचार मनात आला, तर आधी तीन प्रश्न विचारावेत. हा उपचार माणसांवर तपासला आहे की केवळ उंदरांवर? कोणत्या अवयवाच्या कर्करोगात? आणि नोंदणीकृत चाचणीचा भाग असेल, तर रुग्णाकडून पैसे का घेतले जात आहेत?

आता मूळ तापाकडे येऊ. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हाडे पोखरणाऱ्या पेशींतील एका विकराचे काम थांबवते. रक्तातील काही पांढऱ्या पेशींतही ते शिरते आणि तेथे एक अर्धवट तयार झालेला पदार्थ साठतो. माणसाच्या गॅमा-डेल्टा पेशी त्या साठ्याला धोक्याची खूण समजतात आणि इशाऱ्याची रसायने सोडतात. त्यांतूनच ताप आणि अंगदुखी उद्भवते. हा जंतुसंसर्ग नव्हे आणि औषधाची अ‍ॅलर्जीही नव्हे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हाडांचा ठिसूळपणा असलेल्या ६५ ते ८९ वर्षांच्या स्त्रियांवरील मोठ्या चाचणीत पहिल्या इंजेक्शननंतर दर १०० पैकी सुमारे ३२ जणींना अशी लक्षणे जाणवली. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण सुमारे ७ आणि तिसऱ्या वर्षी ३ वर आले. त्याच चाचणीत तीन वर्षांत खुब्याचे अस्थिभंग ४१ टक्क्यांनी व मणक्याचे ७० टक्क्यांनी घटले. म्हणजे पहिल्या वर्षीचा ताप हे पुढील वर्षी औषध सोडण्याचे कारण ठरत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनी मात्र काही गोष्टी सांभाळाव्यात. इंजेक्शनपूर्वी मूत्रपिंडाचे कार्य तपासलेले असावे. ते मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर हे औषध देत नाहीत. ही साधी रक्ततपासणी आहे आणि ती चक्करबर्डीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही होऊ शकते. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व कमी असल्यास ते आधी भरून काढावे लागते. दात काढायचा असेल तर तो आधी काढून जखम भरू द्यावी. त्या दिवशी पाणी पुरेसे प्यावे; खानदेशच्या उन्हाळ्यात तर विशेष. हृदयविकारामुळे पाण्यावर बंधन असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. ताप व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल बहुधा पुरते; त्याची मात्रा, विशेषतः यकृताचा विकार असल्यास, डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

हा ताप साधारणतः तीन दिवसांत उतरतो. त्यापुढे टिकला, किंवा खोकला, धाप, लघवीला जळजळ, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले, तर ‘इंजेक्शनचाच ताप’ असे म्हणून घरी थांबू नये. वृद्धांमध्ये त्यामागे संसर्ग असू शकतो. ओठांभोवती वा बोटांत मुंग्या आल्या, हातपाय वळले, तर कॅल्शियम घटल्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि इंजेक्शनची तारीख, ताप किती आला, किती दिवस राहिला, एवढी नोंद फाइलीच्या पहिल्याच पानावर करून ठेवावी. पुढील वर्षीचा निर्णय डॉक्टरांनी ती नोंद पाहून घ्यावा, घरातल्या भीतीवरून नव्हे.