पैसे कोणी दिले, नाव सांगा!

विधानसभेच्या निवडणुकीत साधे हातपत्रक छापायचे, तरी त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता छापावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२७-अ तसे सांगते. नाव नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यामागचे कारण सरळ आहे. छापील शब्दाला मालक असला, की त्याला जाब विचारता येतो. मग निवडणुकीच्या धामधुमीत लाखो बायकांच्या मोबाइलवर जी जाहिरात येऊन पडते, तिचा मालक कोण?

भिंतीवरचा मजकूर सगळा गाव वाचतो. तो खोटा असेल तर पारावर, नळावर, एस.टी.च्या थांब्यावर त्याची उलटतपासणी होते. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीचे तसे नाही. ती कोणत्या वयाच्या, कोणत्या भागातल्या माणसांना दाखवायची, बाईला की पुरुषाला, हे पैसे देणारा ठरवतो. सासूला एक जाहिरात दिसते, सुनेला दुसरी, शेजारणीला काहीच नाही. म्हणजे खोटे एकेकीच्या कानात सांगितले जाते आणि चारचौघींत त्याचा निकाल लागत नाही. बाईला एकटे गाठून घाबरवायचे, ही रीत आपल्याला नवी आहे का, मैत्रिणींनो?

कंपन्या म्हणतात, आम्ही जाहिराती तपासून घेतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी ग्लोबल विटनेस आणि अॅक्सेस नाऊ या संस्थांनी ही तपासणीच तपासून पाहिली. मतदानाविषयी धडधडीत खोटी माहिती देणाऱ्या ४८ जाहिराती त्यांनी इंग्रजी, हिंदी आणि तेलुगूतून यूट्यूबकडे पाठवल्या. मोबाइलवरून संदेश पाठवून मत देता येते, अशी थापही त्यांत होती. ४८ पैकी ४८ मंजूर झाल्या! संस्थांनी त्या प्रसिद्ध होण्याआधीच मागे घेतल्या. पुढच्या टप्प्यावर आम्ही त्या अडवल्या असत्या, असा खुलासा कंपनीने केला. त्याच वर्षी मे महिन्यात एको आणि इंडिया सिव्हिल वॉच इंटरनॅशनल यांनी मुसलमानांविरुद्ध चिथावणी देणाऱ्या आणि अफवा पसरवणाऱ्या २२ जाहिराती फेसबुकच्या मालक कंपनीकडे, मेटाकडे पाठवल्या. त्यांतल्या १४ मंजूर झाल्या. पैसे घेणाऱ्याच्या हाती चाळणी दिली, की तिची भोके मोठी होणारच.

आणि पैसे देणारे कोण? रिपोर्टर्स कलेक्टिव्हच्या पत्रकारांनी फेब्रुवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२० या काळातल्या फेसबुकवरील राजकीय जाहिराती तपासून २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. भाजपच्या प्रचारासाठी किमान २३ जाहिरातदारांनी ५ कोटी ८० लाखांहून जास्त रुपये खर्च केल्याचे त्यांना आढळले. यांतल्या काहींनी आपली ओळख लपवली होती, तर काहींनी पक्षाशी असलेले नाते. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची. पण खर्च दुसऱ्याच्याच नावावर पडला तर हिशेब कोण मागणार? उमेदवाराच्या परवानगीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा? दहा हजारांपर्यंत दंड. एवढ्याने कोण घाबरतो!

खोट्याचा मक्ता कुणा एका पक्षाकडे नाही. एप्रिल २०२४ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांच्या आरक्षणावरील भाषणाची कापाकापी केलेली चित्रफीत फिरवली गेली आणि त्या प्रकरणी काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना अटक झाली. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान होते. आदल्या दिवशी, प्रचार बंद असताना, खासदार सुप्रिया सुळे यांच्या नावाने बिटकॉइनच्या व्यवहाराच्या ध्वनिफिती पसरल्या. भाजपने त्या आपल्या अधिकृत खात्यावरून पसरवल्या. हा आवाज माझा नाही, असे सुळे यांनी सांगितले, तक्रारही केली. पडताळणी करणाऱ्या पत्रकारांना तो आवाज यंत्राने तयार केल्याची चिन्हे आढळली. पण एका रात्रीत खुलासा किती दारांपर्यंत पोचणार?

सुळे यांच्यामागे पक्ष होता, वकील होते. राखीव जागेवर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बाईमागे कोण असते? तिच्याविरुद्ध रस्त्याचा, पाण्याचा मुद्दा येत नाही, तिचे चारित्र्य येते. २०१९ च्या निवडणुकीच्या काळात ९५ राजकीय स्त्रियांना उद्देशून केलेली ट्वीट्स अॅम्नेस्टीने अभ्यासली, तेव्हा सातांतले एक त्रासदायक किंवा शिवराळ निघाले. ५० टक्के आरक्षण आपण लढून मिळवले. बदनामीच्या भीतीने बाई अर्जच भरणार नसेल, तर त्या टक्क्यांचे करायचे काय?

काही शहाणे म्हणतात, बायका भोळ्या, त्यांना मोबाइल शिकवा. म्हणजे लुटणारा मोकळा आणि लुटली गेली तिलाच धडे! शिबिरे आपण घेऊच. पण त्याने मूळ गुन्हेगार सुटता कामा नये. आणि सरकारला खरे-खोटे ठरवू द्या, हा उपायही आपल्याला मान्य नाही. केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला, हे योग्यच झाले. सत्ताधाऱ्यांच्या हाती सत्याचा शिक्का नको. आपल्याला हवा आहे तो मालकाचा पत्ता.

म्हणून आपल्या मागण्या अशा :

१. पत्रकाला लागू असलेला नाव-पत्त्याचा नियम पैसे देऊन दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक राजकीय जाहिरातीला लागू करा. पैशाचा खरा स्रोत त्यात सांगा.

२. इंटरनेटवरील जाहिरातींना पूर्वप्रमाणपत्र हवे, असे निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच सांगितले आहे. कोणत्या जाहिरातीला प्रमाणपत्र दिले, कोणती नाकारली, याची यादी जिल्हा समितीने रोज जाहीर करावी.

३. आडून खर्च करणाऱ्याला खर्चाच्या पटीत दंड करा.

४. स्त्री-उमेदवारांच्या बदनामीच्या तक्रारीवर २४ तासांत कारवाई करा.

आयोगाची वाट पाहत बसायचे कारण नाही. मेटाचा जाहिरात-संग्रह कुणालाही पाहता येतो. जाहिरात कोणी दिली, साधारण किती खर्च झाला, ती किती बायकांना आणि किती पुरुषांना दिसली, हे त्यात कळते. प्रत्येक गटाने एक वही घालावी. निवडणूक लागली की दर बैठकीत मोबाइल मध्यभागी ठेवा, कुणाला काय आले ते मोठ्याने वाचा, तारीख आणि पैसे देणाऱ्याचे नाव लिहा. नाव नसेल तर तसे लिहा आणि वही घेऊन सगळ्या मिळून निवडणूक अधिकाऱ्याकडे जा. कानात सांगितलेले खोटे बैठकीत वाचले, की त्याचा अर्धा दम जातो. उरलेला अर्धा काढायला कायदा हवा, आणि तो मागायला रस्त्यावर आपणच!