बोटीवरचे थिएटर आणि धरून ठेवलेल्या खुर्च्या

प्रति,
क्रूझ लाइन्स इंटरनॅशनल असोसिएशन,
वॉशिंग्टन डी. सी.



रात्री साडेआठचा प्रयोग. आठ वाजता बोटीवरच्या थिएटरचे दरवाजे उघडतात आणि पाच-सात मिनिटांत मधल्या रांगा भरल्यासारख्या दिसू लागतात. भरलेल्या नसतात. सातव्या रांगेच्या कडेला एक गृहस्थ बसलेले असतात आणि त्यांच्या पलीकडच्या सहा खुर्च्यांवर स्वेटर, शाल, उन्हाची टोपी, पाण्याची बाटली, चष्म्याची डबी आणि त्या दिवसाच्या कार्यक्रमांचा छापील कागद ठेवलेला असतो. विचारायला गेलेल्याला एकच उत्तर मिळते, "माणसे आहेत, येताहेत." काठी टेकत आलेले वयस्कर जोडपे क्षणभर घुटमळते आणि बाल्कनीच्या पायऱ्या चढू लागते. सहापैकी चौघे जेवण उरकून पडदा उघडायच्या दोन मिनिटे आधी येतात. उरलेले दोघे कॅसिनोत रमलेले असतात, ते येतच नाहीत. दिवे मालवतात तेव्हा सातव्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या असतात आणि थिएटरच्या मागच्या भिंतीला टेकून लोक उभे असतात.

मोठ्या क्रूझवर जाऊन आलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. आपल्या संघटनेत जगातल्या बहुतेक बड्या क्रूझ कंपन्या आहेत, म्हणून हे पत्र कुणा एका कंपनीला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे, प्रवाशांनी आपसांत समजुतीने घ्यावे, असे म्हणून तो सोडून दिला जातो. खरे तर तो आधी हिशेबाचा प्रश्न आहे. रॉयल कॅरिबियनची 'ओएसिस ऑफ द सीज' २००९ साली प्रवासी घेऊन निघू लागली. तिच्या मुख्य थिएटरात सुमारे १,३८० खुर्च्या आहेत. एका खोलीत दोघे एवढेच धरले तरी बोटीवर ५,४०० च्या आसपास प्रवासी असतात. मुले आणि खोलीतले तिसरे-चौथे माणूस धरले की आकडा सहा हजारांच्या वर जातो. एखाद्या मोठ्या संगीत नाटकाचे दोन रात्री, रात्रीला दोन, असे चार प्रयोग लावले तर एकूण खुर्च्या होतात ५,५२०. म्हणजे प्रत्येकाला सफरीत एकदा, तेही जेमतेम. सुट्टीच्या हंगामात, बोट पूर्ण भरलेली असताना, तेवढेही पुरत नाही. अशा हिशेबात एका प्रयोगाला पन्नास खुर्च्या नुसत्या धरून रिकाम्या राहिल्या, तर चार प्रयोगांत दोनशे माणसांचे नाटक बुडते.

आणि हे नाटक म्हणजे जेवणानंतरची किरकोळ करमणूक नव्हे. 'ओएसिस'वर 'हेअरस्प्रे' झाले, जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर 'द विझार्ड ऑफ ऑझ' आहे. जाहिरातीत ही नावे ठळक छापलेली असतात आणि लोक ती पाहून बोट निवडतात. वेगळे तिकीट नसले तरी त्याचे पैसे भाड्यात गेलेलेच असतात. बाल्कनीच्या खांबामागे बसलेल्यानेही तेवढेच भाडे भरलेले असते.

पूर्वी ही ओढाताण एवढी नव्हती. त्याचे कारण थिएटरात नव्हते, जेवणघरात होते. जुन्या रीतीने बोटीवर रात्रीच्या दोन पंगती ठरलेल्या असत. पहिल्या पंगतीचे लोक उशिराच्या प्रयोगाला, दुसऱ्या पंगतीचे लोक आधीच्या प्रयोगाला. अर्धी बोट जेवत असताना उरलेली अर्धी थिएटरात. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली: हवे तेव्हा, हवे तिथे, हव्या त्या माणसांबरोबर जेवा. लोकांना ती आवडली आणि इतर कंपन्यांनीही कमीअधिक प्रमाणात तीच वाट धरली. त्यात वाईट काहीच नाही. पण थिएटरची गर्दी आपोआप वाटून देणारी व्यवस्था त्या पंगतींबरोबर गेली. डिस्नेने ठरलेल्या पंगती आणि त्यांना जोडलेले प्रयोग अजून टिकवून ठेवले आहेत. ९७७ खुर्च्यांच्या थिएटरात 'डिस्ने मॅजिक'वरची गर्दी सामावते ती मुख्यतः त्यामुळेच.

बाकी ठिकाणी पंगतीच्या जागी आरक्षण आले, पण अर्धवट. नॉर्वेजियनच्या आणि रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या बोटींवर गाजलेल्या प्रयोगांसाठी आधी नाव नोंदवता येते. पडदा उघडण्यापूर्वी ठरावीक मिनिटे आधी पोहोचला नाहीत तर दाराशी ताटकळणाऱ्यांना आत सोडतात. हे चांगलेच आहे. अडचण अशी की हे आरक्षण आत शिरण्याचे असते, खुर्चीचे नसते. दारात नाव तपासून झाले की आत पुन्हा ज्याने आधी टोपी टाकली त्याची रांग. म्हणजे दोन महिने आधी घरबसल्या नाव नोंदवणाऱ्यालाही शेवटी अर्धा तास आधी येऊन शाल पसरणाऱ्याशी झगडावे लागते. आणि ज्यांना ॲप नीट वापरता येत नाही, त्यांना दोन्हीकडून फटका.

नियम मुळीच नाहीत असे नाही. अनेक बोटींवर खुर्च्या धरून ठेवू नका असे कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते, प्रयोगाआधी सांगितलेही जाते. ते पाळले जाते का, हे पाहायला मात्र कोणी नसते. हाच प्रश्न पोहण्याच्या तलावाकाठच्या आरामखुर्च्यांचा होता. तिथे सकाळी सहाला टॉवेल टाकून अकराला उगवणाऱ्यांनी सगळ्यांना जेरीस आणले होते. कार्निव्हलने त्यावर उपाय केला: कर्मचारी रिकाम्या खुर्चीला वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात आणि चाळीस मिनिटांत कोणी आले नाही तर सामान उचलून ठेवतात. रॉयल कॅरिबियनने तीस मिनिटांची मर्यादा घातली. अंमल सगळीकडे सारखा होत नसेल, पण तत्त्व ठरले की रिकामी खुर्ची मोकळी करण्याचे काम कर्मचाऱ्यांचे आहे, दुसऱ्या प्रवाशाचे नाही. तलावाकाठी जे ठरले ते थिएटरच्या दारात का थांबावे?

जर्मनीतल्या एका न्यायालयाचा निकाल इथे आठवावा असा आहे. ऱ्होड्स बेटावरच्या हॉटेलात सुट्टी घालवायला गेलेल्या एका कुटुंबाला तलावाकाठी आरामखुर्च्याच मिळेनात, कारण इतर पाहुण्यांनी टॉवेल टाकून त्या अडवल्या होत्या. टॉवेल टाकून जागा अडवायची नाही असा हॉटेलचा नियम होता, पण तो कोणी राबवत नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये हॅनोव्हरच्या न्यायालयाने सहल कंपनीला सुमारे ३२३ युरो परत द्यायला लावले. प्रत्येक पाहुण्याला हवी तेव्हा खुर्ची मिळालीच पाहिजे असे न्यायालयाने म्हटले नाही. पण नियम करून तो पाळला जात नसेल तर हस्तक्षेप करणे कंपनीचे काम आहे, हे मात्र मान्य केले. तो निकाल हॉटेलाबद्दलचा आणि एका देशाचा आहे. तरी त्यामागचा न्याय बोटीवरच्या थिएटरालाही लागू पडण्यासारखा आहे.

आज ते काम प्रवाशांवर ढकलले गेले आहे. त्यामुळे सुट्टीवर आलेली दोन सभ्य कुटुंबे अंधारात एकमेकांवर आवाज चढवतात. मध्ये सापडतो तो गणवेशातला मुलगा किंवा मुलगी. या बोटींवर गोव्यातल्या सासष्टी-बारदेशातली, कोकणातली, मुंबईतली किती मुले नोकरीला आहेत हे आपल्याला माहीत आहेच. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहून, प्रवाशाला दुखवायचे नाही एवढी एक गोष्ट मनात पक्की धरून ती काम करतात. सफर संपली की प्रवासी जे अभिप्राय भरून देतात, त्यांवर त्यांची पुढची वाट अवलंबून असते. अशा मुलाने सहा खुर्च्या अडवून बसलेल्या माणसाला कोणाच्या बळावर उठवायचे? त्याच्या पाठीशी लेखी, स्पष्ट आणि सगळ्यांना आधी सांगितलेला नियम असेल तरच तो ते करू शकेल.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांवर. त्यांच्यासाठी राखलेल्या जागा थोड्या, बहुधा मागच्या बाजूला आणि दाराजवळ. दाराजवळ म्हणूनच त्या धडधाकट लोकांनाही सोयीच्या वाटतात. शेजारची सोबत्याची खुर्ची तर हमखास जाते. मग नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली 'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन' या खटल्यात सांगितले की परदेशी झेंड्याखालच्या क्रूझ बोटी अमेरिकी पाण्यात असताना अपंगांच्या हक्कांचा कायदा त्यांनाही लागू होतो. जागा राखून ठेवल्या, फलक लावला, एवढ्यावर काम संपत नाही. त्या जागा प्रयोगाच्या वेळी खरोखर मोकळ्या असाव्या लागतात.

जागा धरण्याच्या बाबतीत मराठी माणूसही मागे नाही. सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींवर किंवा मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या बोटीवर तीस-चाळीस जणांचा ग्रुप असतो आणि ग्रुपमधले दोघे-तिघे पुढे जाऊन तीन रांगा धरून ठेवतात. ही सवय एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्याइतकी जुनी आणि तितकीच निष्पाप वाटणारी आहे. त्यात कोणाचे वाईट करण्याचा हेतू नसतो. आपली माणसे एकत्र बसावीत एवढेच. पण एसटीतसुद्धा ज्याच्याकडे आरक्षणाचे तिकीट आहे त्याच्यापुढे रुमालाचे काही चालत नाही.

धरून ठेवणारा प्रत्येक जण मतलबी असतो असेही नाही. आजीला लिफ्टपासून थिएटरपर्यंत चालत यायला दहा मिनिटे लागतात. लहान मुलाला ऐन वेळी स्वच्छतागृहात न्यावे लागते. नवरा-बायकोंपैकी एकाने पुढे जाऊन दुसऱ्यासाठी एक खुर्ची ठेवली तर त्यावर आक्षेप घेणे कोतेपणाचे होईल. म्हणून सरसकट बंदी नको. एका बसलेल्या माणसामागे एकच खुर्ची, आणि प्रयोगाच्या पंधरा मिनिटे आधीपर्यंतच. त्यानंतर खुर्चीवर माणूस नसेल तर ती मोकळी. मोठ्या कुटुंबांनी आणि ग्रुपांनी आदल्या दिवशी सांगावे, त्यांना बाजूच्या भागात एकत्र जागा द्याव्यात. मधल्या रांगा मात्र कोणासाठीही अडवू नयेत.

खरा उपाय याच्या पुढचा आहे: खुर्च्यांना क्रमांक द्या. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा १९६८ पासून चालू असलेल्या पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात नाटकाला जाणारा माणूस तिकिटावरची रांग आणि क्रमांक बघून बसतो. तिसऱ्या घंटेला धावत आला तरी त्याची खुर्ची त्याचीच असते. वाद झालाच तर डोअरकीपर बॅटरीच्या उजेडात तिकीट बघतो आणि अर्ध्या मिनिटात मिटवतो. समुद्रावरही हे नवीन नाही. क्यूनार्डच्या २००७ सालच्या 'क्वीन व्हिक्टोरिया'वर थिएटरात खासगी बॉक्स आहेत आणि त्यातल्या जागा आधी राखता येतात. जे काही मोजक्या बॉक्ससाठी जमते ते बाकी खुर्च्यांसाठी अशक्य असण्याचे कारण नाही.

यंत्रणा नाही, असे उत्तर कृपया देऊ नका. जानेवारी २०१२ मध्ये 'कोस्टा कॉनकॉर्डिया' बुडाली, ३२ माणसे गेली आणि त्यानंतर बोट सुटण्याआधीच सुरक्षा सराव उरकण्याचा नियम आला. त्यासाठी प्रत्येक प्रवाशाला जमण्याचे ठिकाण नेमून दिलेले असते, ते त्याच्या कार्डावर छापलेले असते, आणि तो तिथे आला की कर्मचारी कार्ड तपासून नोंद करतात. अनेक बोटींवर जमण्याच्या या ठिकाणांपैकी एक म्हणजे हेच थिएटर. पहिल्या दिवशी याच दारात, हेच कर्मचारी, शेकडो माणसांची एकेक करून नोंद घेतात. प्रिन्सेसने २०१७ पासून प्रवाशांना जे छोटे 'मेडॅलियन' द्यायला सुरुवात केली, त्याच्या आधारे बोटीवर माणूस कुठे बसला आहे ते शोधून त्याचे पेय तिथे आणून देता येते. त्याच माणसाला रात्रीच्या नाटकाची रांग आणि क्रमांक देणे याहून अवघड नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये 'कार्निव्हल ट्रायम्फ' बंद पडून भर समुद्रात अडकली, हजारो प्रवाशांचे हाल झाले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची दहा कलमी सनद स्वीकारली. तातडीचे वैद्यकीय साहाय्य, वीज बंद पडल्यावरची सोय, रद्द झालेल्या सफरीचा परतावा, असे ते विषय. थिएटरची खुर्ची त्यांच्या तोलाची नाही, म्हणून ती सनदेत घाला असा आग्रह नाही. पण सगळ्या कंपन्यांना बसवून एकच किमान नियम ठरवून घेण्याची ताकद आपल्याकडे आहे, हे त्या सनदेने दाखवले आहे. ती ताकद इथेही वापरावी.

मागणी एवढीच आहे. पुढच्या वर्षभरात आपल्या सदस्य कंपन्यांनी 'माणसामागे एक खुर्ची, पंधरा मिनिटांपर्यंत' हा नियम सर्व बोटींवर लागू करावा. तो राबवण्याचा अधिकार थिएटरच्या दारावरच्या कर्मचाऱ्याला लेखी द्यावा आणि त्यावरून आलेला वाईट अभिप्राय त्याच्या नावावर धरू नये. चाकाच्या खुर्चीच्या आणि सोबत्याच्या जागांवर पडदा उघडेपर्यंत एक माणूस उभा करावा. आणि निदान एका मोठ्या बोटीवर एका हंगामापुरते क्रमांकाच्या खुर्च्या करून बघाव्यात, त्याचे काय झाले ते प्रवाशांना सांगावे.

कळावे.

क्रूझच्या थिएटरात वेळेवर येऊनही उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांच्या वतीने