आधी वजन, मग उडी

लिंडी हॉप हा जोडीने करायचा नाच शिकायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी जोडीदाराला हवेत उडवायचं असतं. शिकवतात मात्र रॉक स्टेप: एक पाऊल मागे, त्यावर वजन, लगेच पुढच्या पायावर परत. मग ट्रिपल स्टेप, म्हणजे दोन मात्रांत तीन पावलं. यातूनच आठ मात्रांचा स्विंगआउट, म्हणजे या नाचाची मुख्य चाल, उभा राहतो. त्यात हात खेचायचा नसतो. दोघांनी आपापलं वजन किंचित मागे ठेवलं की ओढ आपसूक लागते. (फुगडी घातलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) आणि उडी? न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये १९३५ साली जोडीदारणीला पाठीवरून पलटवणारा फ्रँकी मॅनिंग पुढे कित्येक वर्षं टपाल खात्यात नोकरी करत होता. सत्तरी ओलांडल्यावर तो पुन्हा शिकवायला उभा राहिला.