टायरवरील अंक आणि रुंदीचा भास

कुटुंबासाठी मोटार घेताना रंग, आसने आणि मायलेज यांची चर्चा घरोघरी होते. टायरकडे लक्ष जाते ते बहुधा तो झिजल्यावर. मग दुकानात प्रश्न येतो, "थोडे रुंद टायर टाकू का? गाडी भारदस्त दिसेल." याचे उत्तर टायरच्या बाजूवरच कोरलेले असते, ते वाचता मात्र आले पाहिजे.

समजा, टायरवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' असे लिहिले आहे. १८५ ही त्याची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १२० मिलिमीटर. 'आर' हे रेडियल बांधणीचे अक्षर, तर १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक. असा प्रत्येक टायर ५६० किलोग्रॅम भार पेलू शकतो. 'एच' ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा दर्शवते.

यांतील रुंदीचा अंकच अधिक फसवतो. ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मोजलेली असते. रस्त्याला टेकणारा पट्टा त्याहून अरुंद असतो. १८५ ऐवजी १९५ घेतला, तर प्रत्येक बाजूस वाढतात अवघे ५ मिलिमीटर. टायर रुंद भासतो तो बुटक्या भिंतीमुळे, चौकोनी खांद्यांमुळे किंवा रुंद रिममुळे. रिम अर्ध्या इंचाने रुंद असेल, तर तोच टायर सुमारे ५ मिलिमीटर अधिक पसरतो. दिसणे वेगळे, असणे वेगळे.

केवळ दिसण्यासाठी केलेला बदल महागात पडू शकतो. वरील गाडीला २०५/६५ बसवल्यास चाकाचा व्यास सुमारे ६२२ वरून ६४८ मिलिमीटर होतो. काटा शंभर दाखवत असताना गाडी सुमारे १०४ च्या वेगाने धावते आणि वळणावर टायर आतून घासण्याचाही संभव असतो. २०५/६० मध्ये हा फरक एक टक्क्याहून कमी राहतो. तरीही अंतिम आधार उत्पादकाच्या पुस्तिकेचा. शिवाय नक्षी तितकीच खोल असताना रुंद टायर पावसात साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो.

भारांक तर कधीही कमी करू नये. ८८ ऐवजी ८४ घेतल्यास प्रत्येक टायरची क्षमता ५०० किलोग्रॅमवर येते. चार टायर मिळून २४० किलोग्रॅमची घट होते. कुंभोज-बाहुबलीच्या यात्रेला घरातील पाच माणसे, शिधा, पाण्याचे कॅन आणि सामान घेऊन निघालेल्या गाडीला ही घट परवडणारी नाही.

खरेदी करताना चार आकडी निर्मितिक्रमांकही पाहावा: '२३२४' म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर येताच टायर बदलावा आणि हवा टायर थंड असतानाच तपासावी.

चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि अनेकदा तो महामार्गाच्या कडेनेच होतो. ईर्यासमिती पाळणारे ते चार हात पुढची भूमी निरखत पाऊल टाकतात. वेगाने जाणाऱ्या गृहस्थाची जयणा मात्र ब्रेक दाबल्यावर गाडी वेळेत थांबण्यात आहे. त्या क्षणी रस्त्याला टेकलेले असतात ते केवळ चार टायर. त्यांची निवड शोभेने नव्हे, विवेकाने व्हावी.